वंशावळीत न लिहिलेली नावं

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या वंशावळी भांडणातून जन्मल्या आहेत. पाटीलकी कुणाची, कुलकर्णाचा हिस्सा किती, इनाम जमीन थोरल्या शाखेची की धाकट्या, असा कज्जा उभा राहिला की दोन्ही बाजू आपापला करीना घेऊन गोतापुढे येत. मूळपुरुष कोण, त्याला वतन कसं मिळालं, मध्ये कुणी बळकावलं, कुणी सोडवून आणलं, ही पिढीवार हकीकत त्यात असे. मग साक्षी व्हायच्या, महजर व्हायचा, निवाडापत्र मिळायचं. पुढे इंग्रजी अमलात १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांवर पुन्हा तीच पाळी आली. मूळ सनद ज्याच्या नावे, त्याच्यापासून आपल्यापर्यंत नाळ कशी पोचते ते कागदावर दाखवा, नाहीतर इनाम खालसा. आज घरोघरी ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे किंवा माळ्यावर जी वंशवृक्षाची भेंडोळी सापडतात, त्यातली कितीतरी अशा कारणासाठी तयार झालेली आहेत.

हे सांगायचं कारण असं की, हक्क सांगण्यासाठी जो कागद लिहिला जातो त्यात हक्क असलेल्यांचीच नावं येतात. त्यामुळे आठ-आठ, दहा-दहा पिढ्यांच्या वंशावळी मी वाचते आणि त्यात एकही बाई नसते. बापाला मुलगा, मुलाला मुलगा. ज्याला मुलगा झाला नाही त्याच्यापुढे ‘नकल’ लिहिलेलं असतं आणि शाखा तिथेच थांबते. त्याच्या घरात मुली असल्या तरी.

मी सांगलीत राहते. मोडी कागद वाचून बाळबोधीत उतरवून देणं हा माझा व्यवसाय. पूर्वी माझ्याकडे येणारी माणसं दोन प्रकारची असत. एक, जमिनीचे दावे चालू असलेली, वकिलांनी पाठवलेली. दुसरी, निवृत्त झाल्यावर कुलवृत्तांत लिहायला घेतलेली. २०२३ सालापासून तिसऱ्या प्रकारची रीघ लागली. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतले कधी न हलवलेले कपाटांचे खण उघडले गेले. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांची जनरल रजिस्टरं, खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, क पत्रकं, कुळांच्या नोंदवह्या, सगळं बाहेर आलं. त्यातलं पुष्कळ मोडीत. मोडी वाचणारी माणसं एकदम कामाची झाली.

या कामाला मी कधीच कमी लेखणार नाही. मुलांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न घेऊन लोक येतात, त्यांच्या डोळ्यांत ती निकड दिसते. पण फोनवर फोटो येतो तो एवढाच: एक नाव आणि जातीच्या रकान्यातली दोन अक्षरं. बाकीचं पान कापलेलं. मी प्रत्येकाला सांगते, पूर्ण पान काढून पाठवा. वरच्या ओळी, खालच्या ओळी, समासातला शेरा, पानाचा क्रमांक, रजिस्टरचं वर्ष. तुमच्या पणजोबांच्या नावाखाली तीन ओळींवर त्यांच्या तान्ह्या बहिणीचा मृत्यू नोंदलेला असेल आणि तिच्याबद्दल जगात तेवढी एकच ओळ असेल. पान पुन्हा हाताशी येईलच असं नाही. कितीतरी रजिस्टरांची पानं उलटताना कडा तुटून हातात येतात.

मोडीबद्दल लोकांच्या मनात उगाच एक धास्ती असते. लिपी म्हणून ती काही आठवड्यांत ओळखीची होते. अवघड असतं ते लिहिणाऱ्याचं वळण. आधी पानभर शिरोरेघा आखून घ्यायच्या आणि मग बोरू न उचलता अक्षरं त्यांना लटकवत जायची, अशी ती पद्धत. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. प्रत्येक कारकुनाची आखूड रूपं वेगळी. त्यातून कालगणना आणखी निराळी. पेशवाईतल्या कागदावर ‘तिसैन मया अलफ’ असं साल असतं. नव्वद, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन ११९०. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७८९-९० येतं. फसली असेल तर ५९० किंवा ५९१ मिळवायचे, शक असेल तर ७८ किंवा ७९. तारीख चांद्र महिन्याची, छ घालून लिहिलेली. एवढं जमलं की पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडायला माणूस तयार झाला. हजारो रुमाल आहेत तिथे. रियासतकार सरदेसायांनी १९३०पासून त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी तो त्या साठ्याचा लहानसा वाटा.

पण सामान्य शेतकरी घराचा माणूस पेशवे दफ्तरात क्वचितच भेटतो. तो भेटतो गावच्या दप्तरात. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी सुरू झाली, आणि मग कोण मेलं, कोण वारस लागलं, कुणी गहाण टाकलं, कुणी सोडवलं, हे फेरफारांत ओळीने उतरत गेलं. आपल्या घराचा खरा इतिहास मला तिथे दिसतो. तलवार-घोड्याच्या गोष्टी ऐकायला लोक उत्सुक असतात. मूळपुरुष कुठल्या लढाईत होता हे मी शोधून द्यावं असं त्यांना वाटतं. माझा अनुभव असा की, घराणं टिकवणारी माणसं सावकाराच्या नोंदीत सापडतात. दुष्काळात गहाण पडलेली चार बिघे ज्याने किंवा जिने पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सोडवून आणली, ते नाव मी यजमानाला बोट ठेवून दाखवते.

आणि ‘जिने’ हे मी जाणूनबुजून लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीहून एक बाई आल्या. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आजोबा परळच्या गिरणीत होते, गाव खानापूर तालुक्यातलं, विट्याच्या बाजूचं. त्यांच्या चुलत्यांनी वास्तुशांतीला घराण्याची वंशावळ मोठ्या फ्लेक्सवर छापून लावली होती. तिचा फोटो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. सुबक काम होतं, मेहनतीने जमवलेलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, यात माझ्या आजोबांचं नाव आहे, त्यांच्या वडलांचं आहे. मला त्यांच्या आईचं नाव पाहिजे. घरात कुणालाच माहीत नाही. आजोबा म्हणायचे, साथीत आई-बाप दोघंही गेले, चुलत्याने वाढवलं.”

साथ म्हणजे १९१८ची एन्फ्लुएन्झाची. अशा शोधात पहिला प्रश्न असतो की, त्या काळात ते गाव कुणाच्या राज्यात होतं. आज जो सांगली जिल्हा आहे तिथे तेव्हा सांगली, मिरज, जत, औंध अशी संस्थानांची गावं आणि इंग्रजांची गावं शेजारी-शेजारी होती. बांध ओलांडला की राज्य बदलायचं आणि राज्य बदललं की दप्तर बदलायचं. खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला १९६०मध्ये सांगली हे नाव मिळालं. हे माहीत नसलं की माणूस चुकीच्या अभिलेख कक्षात महिनेच्या महिने घालवतो आणि “आमचे कागद जळाले” असं म्हणत परत येतो. हे गाव खालसा, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातलं होतं, त्यामुळे वाट सरळ होती.

मृत्यूंचं रजिस्टर मिळालं. गाव नमुना चौदा. १९१८चा उन्हाळा, पावसाळा, सगळं नेहमीसारखं. महिन्याला मोजकी नावं, कारणं ठरलेली: म्हातारपण, जुलाब, खोकला, बाळंतरोग. ऑक्टोबर उघडला आणि पान भरून गेलं. नाव, बापाचं नाव, जात, वय, ‘ताप’. पुढची ओळ ‘ताप’. मग लिहिणाऱ्याला कारण लिहायलाही सवड राहिली नाही. खालच्या ओळींत नुसतं ‘सदर’. वयं पाहावीत तर वीस, अठ्ठावीस, पंचवीस, तीस. एरवी साथ म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं नेते. या साथीने कर्ती माणसं उचलली, ते त्या पानावर स्पष्ट दिसत होतं. महिन्याच्या मध्यावर अक्षर बदललं. आधीचं वळण घोटीव होतं, नंतरचं हिसके देणारं, नवख्याचं. पहिल्या लेखनिकाचं काय झालं ते रजिस्टर सांगत नाही. मी त्या ठिकाणी नेहमी क्षणभर थांबते.

बाईंचे पणजोबा तिथे होते. नाव मी बदलते: तुका बिन सखाराम, वय तीस, ताप. त्यांची बायको मात्र नव्हती. बायकांच्या नोंदी बऱ्याचदा स्वतःच्या नावाने नसतातच. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे तुकाच्या बायकोची, सखारामच्या सुनेची, बाळाच्या आईची, अशा सगळ्या रूपांनी मी शोधलं. नोव्हेंबर पाहिला, डिसेंबर पाहिला, पुढची वर्षं पाहिली. ती त्या गावात मेलेली नव्हती.

मग फेरफार. तुका मयत झाल्याची वारसनोंद पुढच्या वर्षी झालेली सापडली. वारस मुलगा, अज्ञान. आणि त्याच्या नावापुढे तलाठ्याच्या दप्तरातली ती ओळखीची तीन अक्षरं, अ.पा.क. अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे: आई रखमा कोम तुका, म्हणजे तुकाची बायको रखमा.

हेच ते नाव. जमीन तिची नव्हती, हक्क तिचा नव्हता. मूल लहान म्हणून सरकारला सारा वसूल करायला कुणीतरी मोठं माणूस हवं होतं, आणि तेवढ्यासाठी तिचं नाव कागदावर आलं. बाईंना हे फोनवर कळवलं तेव्हा त्या रडल्या. मी त्यांना म्हटलं, थांबा, अजून शोध संपलेला नाही.

कारण पुढे काही वर्षांनी त्याच जमिनीची आणखी एक नोंद होती. पालनकर्ता बदललेला. रखमाच्या नावाला कंस घालून त्या जागी चुलत्याचं नाव. कारण दिलेलं: रखमा हिने पाट लावला असून ती शेजारच्या तालुक्यातल्या अमुक गावी नांदते. १८५६च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्कही काढून घेतला आणि मुलाचं पालकत्व मागायची वाट बापाकडच्या नातलगांना मोकळी करून दिली. शेतकरी जातींत पाट, मोहतूर ही जुनी रीत होती. मराठी राज्यात तर पाटदाम नावाचा करच होता. तेव्हा रखमाने जगावेगळं काही केलेलं नव्हतं. विशी-पंचविशीतली बाई, नवरा गेलेला, दिरांच्या घरात. ती दुसऱ्या घरी गेली आणि मुलगा तिला मागे ठेवावा लागला. शेत मुलाच्या नावे होतं. शेताबरोबर मुलगाही राहिला.

त्या दुसऱ्या गावाचं काम हेळव्यामुळे झालं. दक्षिण महाराष्ट्रातल्या वाचकांना हेळवी सांगायला नको; इतरांसाठी सांगते. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात सुगी झाली की हेळवी गावात येतो. त्याच्याकडे ठरलेल्या घराण्यांच्या वह्या असतात. घरात कोण जन्मलं, कोण वारलं, कोण कुठल्या गावाला उठून गेलं, हे तो लिहून घेतो, मागच्या पिढ्या वाचून दाखवतो, धान्य-कपडा घेतो आणि पुढच्या घरी जातो. त्याची वही बापाकडून मुलाकडे येते. लिहिताना तो हक्काच्या भांडणासाठी लिहीत नाही. यजमानाच्या दारात उभं राहून त्याचं घर त्याला मोठ्याने ऐकवायचं असतं. म्हणून त्याच्या वहीत सुना असतात, त्यांची माहेरं असतात. निदान मी पाहिलेल्या वह्यांत आहेत.

उतारवयाचा तो हेळवी ओसरीवर बसला, चष्मा लावला, घराण्याचं आडनाव, गाव, देवक विचारलं आणि पानं उलटत गेला. मग एका सुरात वाचायला लागला. दुसऱ्या घराच्या पानावर रखमा होती. माहेरचं गाव होतं. पुढे तिला झालेले दोन मुलगे, त्यांची नावं. मी विचारलं, “मामा, हिचा पहिला मुलगा?” त्याने पुन्हा पान पाहिलं. “त्यो त्या घरचा. त्याचं त्या घरच्या पानावर. हिकडं कसा लिवायचा?” आणि मग जरा थांबून म्हणाला, “पर बाई हिकडं हाय की. हिला सोडली नाही आमी.”

अशा वेळी यजमानाला काय सांगायचं, हा या व्यवसायातला खरा प्रश्न आहे. मोडी शिकवणारे कुणी तो शिकवत नाहीत. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली गेलेली असते आणि कागद दुसरं सांगतो. दत्तक निघतो, घरजावई निघतो, दुसरं घर निघतं, आडनाव मधेच बदललेलं निघतं. काही लोक मला आधीच बजावतात, “काही भलतंसलतं निघालं तर लिहू नका.” मी त्यांचं काम घेत नाही. माझं ठाम मत आहे की, कागदात जे आहे ते यजमानाला पूर्ण मिळालं पाहिजे. पुढे ते छापायचं की नाही हा त्याचा निर्णय. मात्र असं काही निघालं तर मी ते फोटो पाठवून मोकळी होत नाही. समोर बसून सांगते. त्या काळचा रिवाज, कायदा, साथ, दुष्काळ यांसकट सांगते, म्हणजे आजच्या मोजमापाने त्या माणसांचा न्याय होत नाही.

मी डोंबिवलीला गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या दुसऱ्या गावाचं नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “त्या गावचे एक काका आमच्याकडे लग्नाकार्याला यायचे. आजोबा त्यांना मावसभाऊ म्हणायचे. जाताना त्यांच्या हातात आहेर द्यायचे, स्टँडवर पोचवायला स्वतः जायचे. म्हणजे आजोबांना माहीत होतं.”

त्यांचे चुलते मात्र नाराज झाले. पाटाने गेलेली बाई आणि तिची पुढची मुलं आपल्या वंशावळीत कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं वय, त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली माहिती, याबद्दल मला आदर आहे. पण त्यांचं म्हणणं मला पटलेलं नाही. ज्या बाईने मुलाला जन्म दिला, त्याचं शेत तो लहान असताना सांभाळलं, सारा भरला, तिला जागा नसेल तर तो वृक्ष अर्धाच आहे. बाईंनी स्वतःची वेगळी वंशावळ करून घेतली. तिच्यात रखमा आहे, तिचं माहेर आहे आणि दोन्ही घरं आहेत.

या कामानंतर मी प्रत्येक यजमानाच्या घरातल्या बायका वेगळ्या शोधायला लागले. कुठे शोधायच्या हे आता बऱ्यापैकी कळतं. अ.पा.क.च्या पुढे. सातबाराच्या इतर हक्कांत, जिथे बहिणींची आणि विधवांची नावं ढकललेली असतात. बहिणींच्या हक्कसोड पत्रांत. अन्नवस्त्राच्या दाव्यांत, दिरांनी पोटाला दिलं नाही म्हणून कोर्टात गेलेल्या विधवेच्या जबानीत तिचं अख्खं घर उलगडतं. शाळेच्या जनरल रजिस्टरात, जिथे मुलीच्या नावापुढे शाळा सोडल्याचं कारण म्हणून ‘लग्न’ लिहिलेलं असतं. जुन्या करीन्यांतही, हक्कदार म्हणून नव्हे, पण हकीकतीत. भाऊबंद उठले, बाप मारला गेला आणि तान्हं मूल कुणीतरी पदराखाली घालून दुसऱ्या खोऱ्यात पोचवलं, अशा जागी. जेध्यांच्या करीन्यात कान्होजींना तान्हेपणी असंच वाचवून बाजी पासलकरांकडे पोचवल्याची हकीकत आहे.

आणि तीर्थोपाध्यांच्या वह्यांत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, काशी इथल्या वह्यांचं मोल लोकांना अजून नीट कळलेलं नाही. पार्वण श्राद्धात बाप, आजा, पणजा जसे उच्चारावे लागतात तशी आई, आजी, पणजीही उच्चारावी लागते, आणि आईच्या वडलांकडच्या तीन पिढ्याही. त्यामुळे वतनाच्या कागदाने जी नावं गाळली ती संकल्पासाठी ठेवावीच लागली. यात्रेला गेलेल्या माणसाने गाव, आडनाव, घरातल्यांची नावं लिहून खाली सही करायची, असा रिवाज. पणजोबांचं स्वतःच्या हातचं अक्षर तिथे पाहून भल्याभल्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. तिथे जायचं तर आपलं मूळ गाव आणि जुनं आडनाव पक्कं करून जावं; वह्या गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात, शहरातल्या पत्त्यावरून काही निघत नाही. एक अडचण राहते. सासरी नाव बदलायची रीत असलेल्या घरांत तीच बाई माहेरच्या वहीत एका नावाने आणि सासरच्या वहीत दुसऱ्या नावाने असते. दोन्ही जुळवायला माहेरच्या गावाचा धागा लागतो. तो तुटला की ती बाई गेली.

एकदा मॉरिशसहून एक मराठी गृहस्थ आले होते. त्यांच्या पूर्वजांना गिरमिटावर मुंबईहून नेलेलं. त्या बेटावर उतरलेल्या प्रत्येक मजुराला क्रमांक मिळे आणि रजिस्टरात नोंद होई. ती रजिस्टरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. त्यांनी आणलेल्या उताऱ्यात गावाचं नाव परक्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं, त्यावरून रत्नागिरीकडचं गाव हुडकायचं होतं. ते काम पुरतं तडीस गेलं नाही, दोन गावांवर येऊन थांबलं. पण मला धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. त्यांच्या पणजीची स्वतंत्र नोंद होती. तिचा क्रमांक, तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिचं वय. मळ्यात राबवायला नेलेल्या त्या बाईची नोंद मालकांच्या सोयीसाठीच झाली होती, त्यात काही मोठेपणा नाही. तरी तिच्या गावात राहिलेल्या बहिणींपैकी एकीचीही इतकी नोंद मला मिळाली नाही.

घरात जुने कागद असतील त्यांनी एवढं करावं. ते लॅमिनेट करू नका, फाटक्या कडांना सेलोटेप लावू नका; दोन्हींनी कागद कायमचा जातो. घड्या हलक्या हाताने उलगडून सुती कापडात सपाट ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या बाजूला बऱ्याचदा पोचलेली तारीख आणि पत्रवाहकाचं नाव असतं. आणि आधी जिवंत माणसांकडे जा. रजिस्टर दहा वर्षांनीही वाचता येईल, नव्वदीच्या आत्याबाईंना दहा वर्षांनी विचारता येणार नाही. त्यांना “पूर्वज कोण होते” असं विचारलं तर त्या गप्प बसतात. “दिवाळीला भाऊबीजेला तुम्ही कुठल्या गावाला जायचात, तुमची आई कुठं जायची” असं विचारा. गावं निघतात, गावांमागून माणसं निघतात.

कायद्याने आता वंशावळीचं रूप बदलायला घेतलं आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. आता वारसनोंदीच्या प्रतिज्ञापत्रात मुली लिहाव्याच लागतात. वगळल्या तर दावा उभा राहतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग वडलांचं. शंभर वर्षांनी माझ्यासारखं काम करणाऱ्या कुणाला आईचं नाव अ.पा.क.च्या आडोशाने शोधावं लागणार नाही.

पण १ मे २०२४ च्या आधीच्या सगळ्या बायका अजून आपल्यावरच अवलंबून आहेत. तलाठ्याकडे वंशावळ द्यायची वेळ प्रत्येक घरावर कधी ना कधी येते. त्या वेळी घरासाठी एक जास्त प्रत करा. तिच्यात प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या बायकोचं नाव लिहा. सासरचं लिहा, माहेरचं लिहा, माहेरचं गाव आणि तालुका लिहा. दोन लग्नं झाली असतील तर दोन्ही लिहा. मुली लिहा, लहानपणी गेलेल्याही लिहा. आणि हे सांगू शकेल अशी घरातली सगळ्यात म्हातारी बाई कोण, ते आठवून तिला आजच फोन करा.